पाहिले, पण ओळखले का?

शास्त्राभ्यास
वाचनासाठी उतारे : शास्ते १४:१-९, २ शमुवेल १३:१-२०, उत्पत्ती २९:१६-३५



दिल्लीच्या दक्षिणेकडील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. रामकृष्णपुरम हे तिचे पूर्ण नाव. सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या रांगा, टेकडीवरचे मलई मंदिर, संगम चित्रपटगृह आणि २०१८ साली सुरू झालेले मेट्रो स्थानक या तिच्या खुणा. येथील सरकारी क्वार्टरांत एका जिन्यावर समोरासमोर दारे असतात. एका दारामागे तामिळ कुटुंब, दुसऱ्यामागे बंगाली, तिसऱ्यामागे गढवाली आणि चौथ्यामागे नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त आलेले आपले एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब. बदलीचा हुकूम आला की घर रिकामे करावे लागते. पण तोवर समोरच्या घरातील कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ओळखीच्या झालेल्या असतात.

अशाच एका क्वार्टरमध्ये महिन्यातून एकदा आमचा मराठी शास्त्राभ्यास भरतो. एका शनिवारी विषय होता 'जोडीदाराची निवड'. तरुण मुलांनी सुचविले की, आरंभी दूरदर्शनवरील एका जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग पाहावा आणि मग चर्चा करावी. मालिका होती 'श्रीमान श्रीमती'. भाग सुरू झाला आणि लहानथोर सारे खळखळून हसू लागले. मीही हसलो. एक ताई मात्र हसल्या नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "दादा, त्या केशवच्या बायकोचे काय?" कोणी उत्तर दिले नाही. कोणीतरी चहा आणला आणि विषय बदलला.

सभा संपल्यावर जिन्यात एका तरुणाने मला थांबविले. "काका, गावाकडून स्थळ आले आहे. मुलीचा फोटो पाहिला. फार आवडली. घरचे म्हणतात, आवडली ना, मग होकार कळवून टाकू. पण एवढ्यावर हो म्हणावे का?" मी घाईत होतो. "रूप नाशवंत असते, बाळ. प्रार्थना कर," असे म्हणून मी खाली उतरलो.

घरी जाताना ध्यानात आले की, त्या सायंकाळी दोघांनी दोन खरे प्रश्न विचारले आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही. ताईंना मौन दिले आणि तरुणाला एक घासून गुळगुळीत झालेले वाक्य. हा पाठ म्हणजे त्या दोघांना उशिरा दिलेले उत्तर आहे. वाचकहो, आपल्याही मंडळीत हे दोन प्रश्न विचारणारे कोणी असतील. म्हणून आपण सारे मिळून त्यांचा विचार करू.

मालिकेचे गणित

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात दूरदर्शनवरून 'श्रीमान श्रीमती' घरोघरी पाहिली जाई. अधिकारी बंधूंची ती निर्मिती होती. दोन शेजारी कुटुंबे. एका घरात केशव कुलकर्णी आणि त्याची पत्नी कोकिला, म्हणजे कोकी. त्यांना चिंटू नावाचा मुलगा. दुसऱ्या घरात प्रेमा शालिनी ही चित्रपटतारका आणि घर सांभाळणारा तिचा पती दिलरुबा. जतीन कनाकिया, रीमा लागू, अर्चना पूरणसिंग आणि राकेश बेदी यांनी या भूमिका केल्या. केशवला प्रेमाच्या रूपाची भुरळ पडलेली, दिलरुबाला कोकीची. सारा विनोद या दोन ओढींतून निर्माण होतो.

या मालिकेचे गणित नीट पाहा. केशव प्रेमाच्या घरी जाण्यासाठी निमित्त शोधतो, खोटे बोलतो, फजीत होतो आणि पुढील भागात पुन्हा तेथूनच सुरुवात करतो. तो कधी यशस्वी होत नाही आणि कधी शहाणाही होत नाही. होऊन चालणार नाही. कारण तो शहाणा झाला तर मालिकाच संपेल. प्रेमाला कशाची भीती वाटते, तिला काम मिळाले नाही तर रात्री झोप लागते का, तिची आई कोठे असते, असले प्रश्न केशवच्या मनात येत नाहीत. इतक्या भागांनंतरही त्याची तिच्याविषयीची माहिती पहिल्या दिवशी होती तेवढीच राहते. केवळ शरीराच्या ओढीवर उभ्या असलेल्या प्रेमाचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. ते गोल गोल फिरते. पुढे जात नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या 'भाभीजी घर पर हैं' या मालिकेने हेच गणित कानपूरच्या एका मोहल्ल्यात पुन्हा मांडले. दोन शेजारी, दोन पत्नी, आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या दारावर. वीस वर्षांनंतरही प्रेक्षकांना ते नवे वाटले, कारण माणसाच्या डोळ्यांची ही सवय जुनी आहे.

मग या मालिका पाहणे पाप आहे का? मी तसे म्हणत नाही. हसणारा माणूस पुष्कळदा स्वतःलाच ओळखून हसतो, आणि केशवची फजिती होते हेही त्यातील एक प्रकारचे न्यायदानच आहे. पण एक भेद विसरू नये. मालिकेत पुढील भागात सारे पूर्ववत होते. कोकी पुन्हा हसतमुख असते, चिंटू पुन्हा खेळत असतो. आपल्या घरात तसे होत नाही. आपल्या घरी ज्या रात्री विश्वास तडकतो, त्या रात्रीनंतरची सकाळ निराळी असते. ताई हसल्या नाहीत त्याचे कारण कदाचित हेच असेल.

आणखी एक गोष्ट पाहा. देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या घराचा आणि पत्नीचा लोभ धरण्यास मनाई करते (निर्गम २०:१७). आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी ही आज्ञा प्रभू येशूने दोन थोर आज्ञांत गणली (मत्तय २२:३९). दोन्ही आज्ञांत शेजारी आहे. जेथे लोभ येतो तेथे शेजारी दिसेनासा होतो. त्याच्या जागी एक हवीशी वस्तू उभी राहते. केशवच्या घरासमोर एक स्त्री राहते, पण केशवला शेजारीण नाही. त्याला फक्त एक चेहरा आहे.

दिल्लीचीच एक गोष्ट

याच दिल्ली शहरात घडणारी एक विनोदी कथा सई परांजपे यांनी १९८१ साली 'चश्मे बद्दूर' या चित्रपटात सांगितली. सईताई मराठी, आणि दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी काही वर्षे काम केलेले. एका खोलीत राहणारे तीन तरुण : सिद्धार्थ, ओमी आणि जोमो. गल्लीत नेहा नावाची एक मुलगी दिसते. ओमी आणि जोमो तिचे रूप पाहून वेगवेगळे तिच्या घरी जातात, तेथून हात हलवीत परततात, आणि मित्रांना मात्र आपल्या विजयाच्या रंगीत कथा सांगतात. काही दिवसांनी नेहा कपडे धुण्याच्या पावडरीचे प्रात्यक्षिक दाखवीत त्यांच्याच दारी येते. दोघे मित्र लपून बसतात. सिद्धार्थ दार उघडतो आणि तिचे बोलणे ऐकून घेतो.

सिद्धार्थला नेहा सुंदर वाटली नाही, असे नव्हे. तिघांच्याही डोळ्यांनी तीच मुलगी पाहिली. पण सिद्धार्थ तिला बोलू देतो, तिचे काम आणि तिचे गाण्याचे शिक्षण त्याला कळत जाते, आणि तिच्या सांगण्यावरून सिगारेट सोडण्याइतका तो बदलतो. उलट ओमी आणि जोमो यांनी तिच्याशी केलेला सारा प्रणय त्यांच्या स्वतःच्या डोक्यात घडलेला असतो. पुढे मत्सरापोटी ते त्याच खोट्या कथांचा आधार घेऊन नेहाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवितात आणि सिद्धार्थचे मन तिच्यापासून तोडतात. मनातल्या मनात कोणाला चित्र बनविणे निरुपद्रवी असते, असे आपण समजतो. पण त्या चित्राची किंमत शेवटी एका जिवंत मुलीला भरावी लागते. चित्रपट विनोदी आहे म्हणून सारे गोड होते. आपल्या वस्त्यांत अशा बढाईमुळे मुलींची नावे वर्षानुवर्षे खराब राहिलेली आहेत.

शमशोन : पाहिले, मागितले आणि मग बोलले

आता पवित्र शास्त्राकडे वळू. शास्ते १४ व्या अध्यायात शमशोन तिम्ना येथे जातो आणि पलिष्ट्यांच्या मुलींपैकी एक त्याच्या दृष्टीस पडते. तो घरी येऊन आईबापांना सांगतो की, ती मला पत्नी करून द्या. आईबाप विचारतात की, आपल्या लोकांत मुली नाहीत का? त्याचे उत्तर एवढेच की, ती मला आवडली आहे.

वचनांचा क्रम पाहा. पहिल्या वचनात तो तिला पाहतो, दुसऱ्यात मागतो, आणि तिच्याशी बोलतो ते थेट सातव्या वचनात. लग्नाची मागणी आधी, बोलणे नंतर. हे प्रकरण पलिष्ट्यांविरुद्ध निमित्त व्हावे म्हणून परमेश्वराकडून होते, असे चौथे वचन सांगते. देव आपल्या चुकांतूनही आपला हेतू साधतो. परंतु त्यामुळे आपली चूक शहाणपण ठरत नाही. हा विवाह मेजवानीचे सात दिवसही धड टिकला नाही. कोड्यावरून रडारड झाली, शमशोन संतापून बापाच्या घरी निघून गेला, ती स्त्री त्याच्या सोबत्याला देण्यात आली, आणि पुढील अध्यायात ती व तिचा बाप आगीत जळून मेले. शास्त्रात त्या मुलीचे नावसुद्धा आलेले नाही. ज्याने तिला एवढ्या हट्टाने मागितले, त्याला तरी तिची ओळख होती का?

सोळाव्या अध्यायात गज्जा येथील स्त्री येते, मग दलीला येते. आणि शेवटी पलिष्टी शमशोनाचे डोळे फोडतात. जे डोळे आयुष्यभर त्याला ओढीत नेत होते, तेच प्रथम गेले. त्यानंतर अंधारात त्याने देवाकडे केलेली प्रार्थना आपण सारे जाणतो.

अम्नोन : 'प्रीती' हे नाव घेतलेली वासना

दुसरा उतारा वाचणे कठीण आहे. पुष्कळ मंडळ्यांत तो वाचलाच जात नाही. पण तरुणांनी आणि त्यांच्या आईबापांनी तो वाचला पाहिजे. दाविदाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्या सौंदर्यामुळे इतका झुरला की आजारी पडला. त्याने त्याला प्रीती म्हटले. योनादाब नावाच्या मित्राने युक्ती सांगितली. आजारीपणाचे सोंग घेऊन त्याने तामारेला बोलाविले आणि तिच्यावर बलात्कार केला.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. ही प्रेमकथा नव्हे, हा अत्याचार आहे, आणि त्याचा दोष तामारेकडे कणभरही जात नाही. परंतु शास्त्र आपल्याला असे का सांगते की, अम्नोनाने आरंभी त्याला प्रीती म्हटले? यासाठी की, नुसत्या ओढीला प्रीतीचे नाव देणे किती सोपे असते, हे आपल्याला कळावे.

या उताऱ्यात दोन जागी थांबा. पहिली जागा म्हणजे तामारेचे बोलणे. त्या भयंकर क्षणीही ती स्पष्ट शब्दांत बोलते : इस्राएलात असे करू नये, मी माझी अप्रतिष्ठा कोठे नेऊ? तुझी गणना मूर्खांत होईल, राजाशी बोल. पण अम्नोनाने तिचे ऐकले नाही, असे शास्त्र नोंदविते. त्याला तिचा आवाज नको होता. दुसरी जागा त्यानंतरची. ज्या क्षणी त्याची वासना भागली त्या क्षणी त्याला तिचा तिटकारा आला, आणि तो तिटकारा आधीच्या प्रीतीहून मोठा होता. सेवकाला तो सांगतो की, हिला बाहेर काढ. मूळ इब्री वचनात तो तिला बहीण म्हणत नाही, नाव घेत नाही, 'स्त्री' असाही शब्द वापरीत नाही. नुसते 'ही' म्हणतो. जी काल त्याचे सर्वस्व होती, ती आज दाराबाहेर लोटण्याची एक गोष्ट झाली.

योनादाबालाही विसरू नका. प्रत्येक अम्नोनापाशी युक्ती सांगणारा एखादा मित्र असतो. तरुण बंधूंनो, तुमच्या मित्रमंडळींत अशा गोष्टींवर कोण हसते आणि कोण थांबविते, हे एकदा तपासून पाहा.

याकोब : थांबू शकलेली ओढ, आणि न पाहिलेली लेआ

मग देहाचे आकर्षण वाईटच का? नाही. माझी जिन्यातली चूक हीच होती. मी त्या तरुणाला असे भासविले की, मुलगी आवडणे हाच एक कमीपणा आहे. ज्या शास्त्रात गीतरत्न हे पुस्तक आहे, त्या शास्त्राला देहाच्या सौंदर्याची लाज वाटत नाही. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दोष दिला तो वासनेच्या हेतूने पाहण्याला (मत्तय ५:२८). सौंदर्य दृष्टीस पडणे आणि माणसाला मनात वस्तू करून ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राहेल सुंदर होती, असे उत्पत्ती २९:१७ उघड सांगते, आणि याकोबाची तिच्यावर प्रीती बसली. पण पुढे पाहा. तिच्यासाठी त्याने सात वर्षे चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. शमशोनाच्या ओढीला एक संभाषणही आधी होऊ द्यायचे नव्हते; याकोबाच्या ओढीने सात उन्हाळे मेंढरांमागे काढले. दोघांचाही आरंभ डोळ्यांनी झाला. फरक पुढे पडला.

तथापि ही गोष्ट येथेच संपवून आपण याकोबाला आदर्श ठरवू नये. त्या घरात लेआही होती. बापाने फसवून दिलेली, नवऱ्याने न निवडलेली. तिचे डोळे निस्तेज होते, असे शास्त्र म्हणते, आणि त्या घरात तिच्याकडे कोणाचे डोळे वळत नव्हते. मुलगा झाला की ती म्हणते, आता तरी माझा पती माझ्यावर प्रीती करील. दुसऱ्या मुलाच्या वेळीही तेच दुःख. तिसऱ्या वेळी तीच आशा. आज आपल्या किती घरांत हे असेच चालले आहे!

आणि याच ठिकाणी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. केशवच्या बायकोचे काय? मालिका त्याचे उत्तर देत नाही. कोकीलाही तिने विनोदात सामील करून घेतले आहे. पण देवाचे वचन उत्तर देते. लेआ नावडती आहे, हे परमेश्वराने पाहिले (उत्पत्ती २९:३१). याकोबाने पाहिले नाही, लाबानाने पाहिले नाही, परमेश्वराने पाहिले. चौथ्या मुलाच्या वेळी लेआ नवऱ्याचे नाव काढीत नाही. ती परमेश्वराचे स्तवन करते. तो मुलगा यहूदा. त्याच्याच वंशात दावीद आला आणि दाविदाच्या वंशात आपला तारणारा. जिच्याकडे कोणी पाहिले नाही, तिच्याच पोटी देवाने ती वंशावळ ठेवली.

ताई, तुम्ही हे वाचीत असाल तर एवढेच सांगावेसे वाटते : त्या सायंकाळी आम्ही तुमच्या प्रश्नाकडे पाहिले नाही. ज्याने लेआला पाहिले त्याने तो ऐकला आहे. आणि ज्यांचे पती शेजारच्या दाराकडे पाहू लागले आहेत, अशा भगिनींना 'सोसा आणि प्रार्थना करा' एवढेच सांगून मंडळीने मोकळे होऊ नये. त्यांच्या बाजूने उभे राहणे, त्या पतीशी स्पष्ट बोलणे आणि गरज पडेल तेथे त्यांना आधार देणे, हे पाळकांचे व वडीलजनांचे काम आहे.

आपला फोटो आणि आपली जाहिरात

वाचकहो, येथवर आपण मालिकेतील केशवला आणि शास्त्रातील शमशोनाला तपासले. आता स्वतःला तपासू. "आमच्यात तसले काही नाही, आम्ही मुलांची लग्ने रीतसर ठरवितो," असे आपण म्हणतो. पण ती कशी ठरवितो? वधू-वर सूचनांचे रकाने वाचा. 'गोरी', 'सुंदर', 'उंच', 'सडपातळ' हे शब्द ख्रिस्ती घरांच्या जाहिरातींतही असतातच. मुलगा दिल्लीला, मुलगी नगरला. फोटो येतो, घरातील दहाजण तो पाहतात, रंगावर आणि उंचीवर मत देतात. मग मुलगा चार दिवसांची रजा काढून रेल्वेने जातो. चहापोह्यांच्या वेळी अर्धा तास, त्यातही मोठी माणसेच बोलतात. संध्याकाळी होकार, आणि पुढच्या रजेत साखरपुडा.

यात आणि शमशोनात फरक कोणता? त्याने एकट्याने पाहिले. आपण दहाजण मिळून पाहतो. आईबाप सामील झाले म्हणजे नजरेचा निर्णय आपोआप प्रीतीचा निर्णय होत नाही. शमशोनाच्या आईबापांनी निदान एक प्रश्न तरी विचारला होता. आणि ज्या मुलीला रंगावरून तीनदा नकार येतो, तिच्या मनात काय होत असेल, याचा हिशेब कोणत्या जाहिरातीत मांडला जातो? आपण आपल्याच घरांत लेआ तयार करीत आहोत. इशायाच्या घरी आलेल्या शमुवेलाला परमेश्वराने शिकविले की, मनुष्य बाहेरचे पाहतो, पण तो हृदय पाहतो (१ शमुवेल १६:७). हा धडा एका संदेष्ट्यालाही शिकावा लागला. आपल्याला तो शिकण्याची लाज वाटू नये.

तीन कसोट्या

मग त्या तरुणाने काय करावे? आवडली, हा चांगला आरंभ आहे. त्याबद्दल देवाचे उपकार मानावेत. पण त्या ओढीला तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली : ती थांबू शकते का? सहा महिने नुसती ओळख करून घेण्यास मन तयार असेल तर त्या ओढीत काही जीव आहे. आज होकार दिला नाही तर स्थळ हातचे जाईल, ही घाई प्रीतीची नसते. ती बाजाराची असते.

दुसरी : ती ऐकू शकते का? मुलीला बोलू द्या. तिला नोकरी करायची आहे का, दिल्लीच्या थंडीत आणि परक्या भाषेत राहण्याची तिची तयारी आहे का, तिच्या आईवडिलांना पुढे कोण पाहणार, प्रभूशी तिचे नाते कसे आहे, हे तिच्याच तोंडून ऐका. आणि ती 'नाही' म्हणाली तर तेही ऐका. रूथच्या पुस्तकात बवाज आधी चौकशी करतो. तिने सासूसाठी काय केले ते त्याने ऐकलेले असते (रूथ २:११). अम्नोन ऐकत नाही, बवाज ऐकतो. पुरुषाची परीक्षा बहुधा येथेच होते.

तिसरी : त्या ओढीमुळे इतर माणसे दिसेनाशी होतात का? केशवला कोकी दिसत नाही, चिंटू दिसत नाही. जी ओढ तुम्हाला आईवडील, मित्र, आधी दिलेला शब्द, घरातील पत्नी यांच्याविषयी आंधळे करते, ती कितीही गोड असली तरी तिच्यावर घर बांधू नका. खऱ्या प्रीतीने दृष्टी वाढते. ती शेजाऱ्याला पुन्हा शेजारी करते.

विवाहित वाचकांसाठीही याच कसोट्या आहेत. ओढ लग्नानंतर मरून जात नाही आणि ती समोरच्या दाराकडेही वळू शकते. वळली तर घाबरून तिच्यावर पांघरूण घालू नका. ईयोबाने आपल्या डोळ्यांशी करार केला होता (ईयोब ३१:१). करार एकदाच करायचा असतो. पाळायचा मात्र रोज. घरातल्या ज्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय सुटली आहे, त्याच्याकडे आज पुन्हा पाहा आणि एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. वीस वर्षे संसार करूनही असे प्रश्न शिल्लक असतात.

त्या तरुणाला मी पुढच्या महिन्यात गाठले. त्याने घरच्यांकडून वेळ मागून घेतली होती. आठवड्यातून दोनदा तो त्या मुलीशी फोनवर बोलत होता. "काका, पहिल्यांदा काय बोलावे तेच कळेना," तो हसून म्हणाला. "फोटोला काही विचारावे लागत नव्हते." पुढे काय ठरेल ते देव जाणे आणि ते दोघे. पण आता तिच्या नावाबरोबर त्याला एक आवाजही ठाऊक झाला आहे, आणि तिने त्याला दोन अवघड प्रश्न विचारले आहेत. आरंभ म्हणून हे पुष्कळ आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. शमशोन, अम्नोन आणि याकोब या तिघांनाही सौंदर्याने ओढले. तिघांच्या वाटा नेमक्या कोठे वेगळ्या झाल्या?
२. आपल्या घरी स्थळ पाहताना पहिले तीन प्रश्न कोणते विचारले जातात? त्यांत कोणता बदल हवा?
३. दूरदर्शन संचावरील कोणत्या विनोदावर आपण हसतो? त्या विनोदात ज्याचे दुःख लपलेले आहे, असे कोणी आपल्या मंडळीत आहे का?
४. आपल्या मंडळीत 'लेआ' कोण आहे? या आठवड्यात तिच्यासाठी आपण प्रत्यक्ष काय करू शकतो?

प्रार्थना

हे स्वर्गीय बापा, तू आम्हाला डोळे दिलेस आणि पाहण्याजोगे सौंदर्यही दिलेस, म्हणून तुझे आभार मानतो. ज्यांच्याकडे आम्ही वस्तू म्हणून पाहिले, त्यांच्याविषयी आम्हाला क्षमा कर. आमच्या तरुणांना थांबण्याचे बळ आणि ऐकण्याचे कान दे. ज्यांच्याकडे घरात कोणी पाहत नाही, त्यांना तू पाहतोस, ही खातरी त्यांना आज दे, आणि ती आमच्या हातून पोहोचव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.